दसऱ्याला धुतलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे. आता लाल म्हणजे कुठे कुठे लाल. बोनेटवरचा रंग उन्हाने विटून गुलाबी पडला आहे. पण रंगाचे मला फारसे वाईट वाटत नाही. मला गर्व होता तो माझ्या आवाजाचा. मला घडवणाऱ्यांनी बसायची सोय आणि सामानाची जागा नंतर पाहिली, आधी इंजिन पाहिले. चार सिलिंडर, चौघेही एका तालात चालणारे. उभी असले की मी नुसती गुणगुणत असे, आणि जोरात पाय दाबला की रस्त्याकडेची माणसे मान वळवून बघत.

माझी तरुणपणीची वर्षे पुण्यात गेली. एका हौशी तरुणाने मला घाटातल्या शर्यतींत पळवले, बक्षिसे मिळवली आणि परदेशी निघाला तेव्हा विकून टाकले. मला घेतले ते मानवतच्या वीरुपाक्ष अप्पांनी. अप्पा कापसाचे व्यापारी. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि अशा माणसाच्या दारात मी! सगळा बाजार हसला. "अप्पा, कापूस आता विमानानं न्यायलाव का?" असे लोक विचारत. त्यांच्या पत्नी शिवम्मा तर मला सरळ सवत म्हणत. अप्पा मात्र रोज सकाळी पूजा आटोपली की मला सुरू करत, हात डॅशबोर्डवर ठेवत आणि डोळे मिटून थोडा वेळ ऐकत बसत.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवकन्या. तिला त्यांनी माझ्यावरच गाडी शिकवली, देवगाव फाट्याच्या रस्त्यावर. "काट्याकडं बघू नको गं, आवाज ऐक," ते म्हणत. "गिअर कवा बदलायचा ते गाडीच सांगती." पोरगी हुशार निघाली. आठवडाभरात ती मला अशी हाकू लागली की अप्पांची छाती फुगली आणि शिवम्मांच्या जिवात जीव राहिना. पुढे शिवकन्या गावातल्याच शाळेत शिक्षिका झाली, आणि रविवारी बापलेकीची माझ्यातून एक फेरी ठरलेली असे. ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस होते.

मग अप्पांना विसर पडू लागला. आधी गिऱ्हाइकांची नावे गेली, मग जेवलो की नाही हे आठवेना. एकदा पिंगळीच्या रेल्वे फाटकाजवळ त्यांनी मला थांबवले, आणि घर कोणत्या बाजूला हे काही केल्या त्यांच्या लक्षात येईना. मला रस्ता पाठ होता हो! पण मला कुठे बोलता येते? त्या दिवसानंतर किल्ली शिवकन्येने आपल्याकडे ठेवली. हळूहळू अप्पा घरातल्यांनाही ओळखेनासे झाले. शिवम्मांना ते पाहुणी समजत.

पण एक गोष्ट उरली होती. संध्याकाळी शाळेतून आली की शिवकन्या त्यांना माझ्यात आणून बसवी आणि मला सुरू करी. अप्पा सवयीने हात पुढे ठेवत, डोळे मिटत, आणि थोड्या वेळाने म्हणत, "शिवकन्ये, रेस दे जरा." दिवसभरात तिचे नाव ते तेवढ्याच वेळी घेत. ती रेस देई आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसून घेई. आपल्या आवाजाचा असा उपयोग शर्यतीत पळताना मला कधी सुचलाही नव्हता.

दसरा आला. मित्रांनो, आमच्याकडे दसऱ्याला अवजारे आणि वाहने धुऊन त्यांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अप्पांच्या शेतावर भागवत नावाचा ट्रॅक्टर चालवणारा गडी आहे. मनाचा मोठा. त्याने विहिरीवर ट्रॅक्टर घासूनपुसून धुतला आणि मग किल्ली मागून मलाही तिथे नेले. माझे बोनेट उघडले, पंपाचा पाइप हातात धरला आणि म्हणाला, "म्हातारे, तुझ्या पोटातली घाण बी काढतो आज." ट्रॅक्टर दांडगा गडी, त्याला काय होते! पण माझे प्लग खोल खळग्यांत बसवलेले असतात, वरचे रबर आता जुने झालेले. पाण्याची धार आत शिरली आणि एका खळग्यात साचून राहिली. भागवतने मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावले, नारळ फोडला. त्याच्या मनात माझ्याविषयी मायाच होती, म्हणून मी आजही त्याला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवकन्येने मला सुरू केले आणि मी थरथरले. फट्, फट्, मध्येच एक ठोका चुकायचा. अख्खे अंग हलायचे. मी जीव एकवटून पाहिले, पण तिसऱ्याचा ताल बाकीच्या तिघांशी जुळेना. अप्पांनी डॅशबोर्डवरचा हात झटकन मागे घेतला.

"ही आपली गाडी न्हाई," ते घाबरून म्हणाले. "बाई, मला घरी सोडा."

शिवकन्येने मला बंद केले आणि त्यांना हाताला धरून घरात नेले.

जवळच्या गॅरेजवाल्याने पेट्रोल बदलले, हवेची जाळी साफ केली, समोरचा एक प्लग काढून पाहिला. तो चांगला निघाला, म्हणून बाकीचे त्याने उघडलेच नाहीत. "ताई, गाडी म्हातारी झालीया," तो म्हणाला. "इंजिन खोलावं लागंल, न्हाईतर भंगारात घाला." शिवकन्येने दोन्हीला नकार दिला. पण शाळेच्या परीक्षा आल्या, शिवम्मांचा गुडघा धरला, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी राहिले. संध्याकाळ झाली की अप्पा ओट्यावर येऊन बसत. कशाची वाट पाहतोय हे त्यांना सांगता येत नसे. मला मात्र कळत असे आणि माझा जीव तुटत असे.

दिवाळी उलटून गेल्यावर परभणीहून योगीराज नावाचा मेकॅनिक आला. त्याने आधी हत्यार काढले नाही, प्रश्न विचारला.

"ताई, कवापासून असं व्हायलंय?"

"दसऱ्यापासून."

"अन् दसऱ्याला काय केलं होतं?"

शिवकन्येने भागवतकडे पाहिले. भागवतचा चेहरा पांढराफटक पडला. "मी धुतली होती, अक्का," तो म्हणाला. "आतून बी."

योगीराजने मला सुरू केले आणि एकेका सिलिंडरचे पेट्रोल बंद करत गेला. पहिल्याचे बंद केल्यावर मी आणखी हलले. दुसऱ्यालाही तसेच. तिसऱ्याचे बंद केले आणि काहीच फरक पडला नाही. "ह्योच झोपलाय," तो म्हणाला. तिसऱ्याचे झाकण उपसले तर खळग्यात गंजाचे लाल पाणी, प्लग गंजलेला आणि ठिणगी देणारी कॉइल पार मेलेली. वेळीच वाळवले असते तर काही झाले नसते, असे तो हळू आवाजात म्हणाला. माझ्या वयाच्या गाडीची कॉइल परभणीत कुठून मिळणार? ती पुण्याहून मागवली, आणि तीही लवकर आली नाही.

अखेर ती बसली. मी सुरू झाले आणि माझाच आवाज मला ओळखू आला. चौघेही एका तालात! भागवत टाळ्या वाजवू लागला. शिवकन्या धावत जाऊन अप्पांना घेऊन आली.

अप्पा बसले. त्यांनी हात डॅशबोर्डवर ठेवला, डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू उमटले. "आता बराबर चालायलीय," ते म्हणाले.

शिवकन्या शेजारी स्टिअरिंगवर बसली होती. अप्पांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले.

"बाई, गाडी लय नामी हाय तुमची. तुमी कोणाच्या?"

"तुमचीच, अप्पा."

अप्पा अदबीने हसले. "आमची एक पोरगी हाय, शिवकन्या. तिला ऐकवा एकदा ह्यो आवाज. लय याड हाय तिला गाड्यांचं. कुठं गेलीया कोण जाणे. लय दिस झाले, आली न्हाई."

शिवकन्येने स्टिअरिंग घट्ट धरले. "निरोप देते तिला," ती म्हणाली, आणि त्यांना आवडायची तशी तिने रेस दिली.

मित्रांनो, वस्तू जपा, एवढेच मी सांगितले असते. पण मी तर बरी झाले. मी पत्र्याखाली उभी राहू शकले, सुटा भाग येईपर्यंत थांबू शकले. अप्पांना थांबता आले नाही. तेव्हा घरात कुणाची चाल बिघडलेली दिसली तर परीक्षा, पाहुणे, सणवार यांच्या मागे ती ढकलू नका. जवळ बसा आणि कधीपासून असे होते आहे, ते लगेच विचारा. मी आता सुरेख चालते. रोज संध्याकाळी अप्पा माझ्यात बसून लेकीची वाट पाहतात, आणि ती त्यांच्या शेजारीच बसलेली असते.