गिळलेलं टिंब

टिंबूच्या वडिलांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. टिंबू हे नावही त्यांनीच पाडलेलं. भावंडांत हा शेंडेफळ, आणि जन्मला तेव्हा एवढासा, म्हणून टिंबू. आता टिंबूला टक्कल पडलं होतं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोक त्याला साहेब म्हणत, पण घरी तो टिंबूच राहिला.

वडिलांचा हात थरथरू लागला आणि ब्रश सुटला. दिवसभर खिडकीत बसून ते समोरच्या पाट्यांतल्या चुका काढायचे आणि आईचं डोकं खायचे. तेव्हा टिंबूला एक युक्ती सुचली. हौसेनं घेतलेलं लाकूड कोरायचं यंत्र मागच्या खोलीत होतं, टेबलावर मावेल एवढं, कॉम्प्युटर सांगेल तसं चालणारं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कागदावर अक्षरं काढा. यंत्र ती लाकडावर जशीच्या तशी कोरेल."

जशीच्या तशी म्हणाला आणि तिथंच फसला. कागद स्कॅन केला की पडद्यावर अक्षरांची दैना दिसायची. काने वाकडे, वेलांट्या तुटक, आणि शिरोरेषा म्हणजे भिजल्या कपड्यांनी झोल खाल्लेली दोरी. पण त्या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी सोय होती. रेषा गुळगुळीत करा, खाचा भरा, बारीक ठिपके पुसा. टिंबू सगळंच करायचा, आणि लाकडावर अशी देखणी अक्षरं उमटायची की वडील त्यांवरून बोट फिरवत राहायचे.

"बघितलंस?" ते आईला म्हणायचे. "कप धरला की हात हलतो मेला. अक्षर काढताना कसा गुमान बसतो!"

आई टिंबूकडे बघायची. टिंबू भुसा झाडायला लागायचा.

अशा पाट्या शिंप्याकडे लागल्या, वाचनालयात लागल्या, सायकलवाल्याकडे लागल्या. वडील रोज सकाळी त्याच वाटेनं फिरायला जात आणि प्रत्येक पाटीपाशी थांबत. भेटेल त्याला ती दाखवत. टिंबूला बरं वाटायचं आणि आतून काहीतरी टोचायचंही. पण म्हातारा खूश आहे, यात कुणाचं काय जातंय, असं म्हणून तो मनाची समजूत घालायचा.

मग कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाटी सांगितली. मोठ्या अक्षरांत एकच शब्द हवा होता, 'दंतवैद्य'. या खेपेला कागदावर थरथर फारच होती, शाईचे शिंतोडेही उडालेले. टिंबूनं किती मोठे ठिपके पुसायचे तो आकडा वाढवला, यंत्र लावलं आणि कचेरी गाठली. संध्याकाळी घाईघाईत पॉलिश करून पाटी देऊनही टाकली. ती नीट वाचली कुणीच नाही, त्यानं नाही आणि बाईंनीही नाही. वडिलांनी मात्र सकाळी रस्त्यावरून वाचली.

ते घरी आले ते चपला घालूनच आत आले. "दतवैद्य," ते म्हणाले. "मी अनुस्वार विसरलो. पोरं हसत होती, डॉक्टरच्या पाटीचाच दात पडला म्हणत होती."

शिंतोड्यांबरोबर ते टिंबही सॉफ्टवेअरनं पुसलं होतं, हे टिंबूला तिथल्या तिथे कळलं. बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं, शिंप्याच्या पाटीपासून. म्हणून तो म्हणाला, "होतं असं बाबा, वयानुसार."

हे वाक्य पुढे त्याला किती डाचलं ते त्याचं त्यालाच माहीत. कारण वडिलांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग घराची वाट, मग माणसं. वडिलांनी त्यांना सांभाळलं होतं, शेवटी शेवटी स्वतःची ओळख रोज नव्यानं करून देत.

वडिलांचं फिरणं बंद झालं. ब्रश त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. रविवारी टिंबू कपडे धुवायला काढत होता, तर वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी निघाली. वेड्यावाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव, घराचा पत्ता, आणि खाली 'हरवल्यास इथे पोचवावे'.

टिंबू चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी गेला.

"बाबा, टिंब तुम्ही दिलं होतं. मी घालवलं."

मग त्यानं त्यांना मागच्या खोलीत नेऊन पडद्यावर सगळं दाखवलं. आधी मूळ कागद, टिंबासकट. मग एकेक बटण दाबत त्याची झालेली पाटी. मग शिंप्याची, वाचनालयाची, सायकलवाल्याची. वडील एकेक बघत गेले. ते रागावले असते तर टिंबूला सोसलं असतं.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," ते म्हणाले. मग पडद्यावरच्या वाकड्या शिरोरेषेवर बोट टेकवून म्हणाले, "हात मात्र गेलाय. आणि मी गावभर मिरवत होतो."

"माझं चुकलं, बाबा."

"चुकलंच. हात गेला हे सोसलं असतं रे. वयानुसार म्हणालास ना, ते लागलं."

त्यांनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, फाडली आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला निघाले, पण शिंप्याच्या वाटेनं नाही, उलट्या बाजूला. परत आल्यावर त्यांनी आईकडून माळ्यावरचे ब्रश काढून घेतले. संध्याकाळी टिंबू कचेरीतून आला तर त्याच्या टेबलावर एक कागद ठेवलेला होता. 'दंतवैद्य'. प्रत्येक रेष थरथरलेली, आणि टिंब मात्र सुपारीएवढं.

"एवढं तरी गिळणार नाही ना तुझं यंत्र?" वडील दारातून म्हणाले. "बाकी कशाला हात लावायचा नाही. बाईंना पटली तर लावतील, नाहीतर इथं लावू, आपल्या दारावर."

टिंबूनं एकेक आकडा शून्यावर आणला आणि यंत्र सुरू केलं. एरवी सरळ धावणारी यंत्राची कोरणारी सुई शिरोरेषेवर आली आणि अडखळत, थरथरत पुढे सरकू लागली, चहाचा कप उचलताना वडिलांचा हात थरथरायचा अगदी तशी. टिंबूला बघवेना. वडील मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत बघत उभे राहिले.