भट्टीवरचा गाउदेन्झिओ

गावातल्या पेन्शनर मंडळाने या वर्षीची सहल चॉकलेटच्या फॅक्टरीला नेली, आणि गाउदेन्झिओची पंचाईत झाली. इटलीतल्या तोरिनो शहराजवळच्या त्याच फॅक्टरीत भट्टीवर हेझलनट भाजण्यात आपली हयात गेली, असं तो गावाला एकोणपन्नास वर्षं सांगत आला होता. खरं तर तो भिंतीपलीकडच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायचा.

थाप मारली होती ती एका नाचाच्या संध्याकाळी, देल्फिनासाठी; पुढे ती त्याची बायको झाली. खोकी बनवतो असं सांगून पोरगी पटत नाही, असं त्याला वाटलं होतं. ती खूश झाली आणि तिने पर्समधून चॉकलेट काढून पुढे केलं. अस्सल कारागीर वाटावं म्हणून हा म्हणाला, "नको. दिवसभर तेच असतं, वाससुद्धा नकोसा होतो." झालं. तेव्हापासून लग्नात, बारशात, ईस्टरला समोर चॉकलेट आलं की त्याला मान फिरवावी लागे. आणि चॉकलेट त्याला जिवापाड आवडायचं.

आज बसमध्ये मंडळातल्या सेकोंदोला ऊत आला होता. फॅक्टरीत डोक्यावर जाळीच्या टोप्या चढवून सगळे उभे राहिले, तसा तो माहिती सांगणाऱ्या मिरेल्लाबाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बसा. आमचा गाउदेन्झिओ इथलाच, भट्टीवरचा. बोल की लेका, लाजतोस काय!"

"अरे वा! मीही तीस वर्षं इथेच," मिरेल्लाबाई म्हणाल्या. "भाजणं पुरे झालं हे तुम्ही कशावरून ओळखायचात?"

"वासावरून," गाउदेन्झिओ म्हणाला. वास भिंतीपलीकडे यायचाच, त्यामुळे तेवढं खोटं नव्हतं. मिरेल्लाबाईंनी मान डोलावली आणि तो वाचला.

वाचला तिथेच थांबायचं होतं. पण पुढच्या खोलीत एक मुलगी भेटीची खोकी हाताने दुमडत होती, आणि चुकीची दुमडत होती. कोपरा आधी, आतली पट्टी नंतर. गाउदेन्झिओने दोन खोकी सहन केली. तिसऱ्याला त्याचा हात पुढे गेला. "पट्टी आधी, बाळ," असं म्हणत त्याने एका झटक्यात खोकं उभं केलं. कोपरे असे की सुई शिरू नये.

"भट्टीवाल्याचा हात खोक्यावर बरा बसलाय," मिरेल्लाबाई म्हणाल्या. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं, पण सेकोंदोचे कान टवकारले.

मग चवीचा ट्रे आला. उलट्या होडीसारखी चॉकलेटं, सोनेरी कागदातली. गाउदेन्झिओच्या तोंडाला पाणी सुटलं आणि सवयीने मान फिरली.

"आम्हा कामगारांना वाससुद्धा नको होतो," तो म्हणाला.

"कोणाला?" मिरेल्लाबाई म्हणाल्या. "मी अजून रोज चार खाते. इथे कोणालाच कधी कंटाळा आलेला नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सेकोंदोने तोंड उघडलं. इतक्यात देल्फिना म्हणाली, "त्याची साखर वाढलीय. चारचौघांत सांगायची लाज वाटते त्याला. सेकोंदो, तुझं प्रोस्टेट कसं आहे?" सेकोंदोने तोंड मिटलं.

बाहेर अंगणातल्या बाकावर दोघं बसली. बस यायला वेळ होता.

"तुला माहीत होतं," गाउदेन्झिओ म्हणाला.

"तुझे कामाचे कपडे कोणी धुतले? बाहीवर नुसता डिंक. चॉकलेटचा डाग एक नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

देल्फिनाने थोडा विचार केला. "नाताळला शेजारधर्म म्हणून फॅक्टरी तुम्हा सगळ्यांना चॉकलेटची पेटी द्यायची. तू हात लावायचा नाहीस. मला एकटीला बरोबर पुरायची."

गाउदेन्झिओला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. तिने पर्समधून एक सोनेरी होडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने खाल्ली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षाही ती चांगली होती, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आणखी आहे?" त्याने विचारलं.

एकच उरलं होतं. देल्फिनाने ते मोडलं, दोन्ही तुकडे निरखून पाहिले आणि मोठा त्याला दिला. तिला ते जड गेलं, हे स्पष्ट दिसत होतं.