मुहूर्ताचा बोल्ट

प्रेमचंद शेठच्या शेतात सातवा बोल्ट तुटला तेव्हा ट्रॅक्टरच्या गादीवर नवलसिंग होता. आधीचे सहा तुटले तेव्हाही तोच होता. त्यामुळे चौकशीची गरज कोणाला वाटली नाही.

बोल्ट म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे, करंगळीएवढा. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या कापून भुगा करायला ट्रॅक्टरमागे स्लॅशर जोडतात; शेठने तो यंदाच घेतला होता. लोखंडी झाकणाखाली दोन जाडजूड पाती गरगर फिरतात, आणि त्यांना फिरवतो पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागून निघालेला दांडा. दांडा आणि स्लॅशर यांच्यामध्ये हा बोल्ट बसवलेला असतो. हिसका बसला की त्याने मुकाट्याने तुटायचं आणि पुढचा गिअरबॉक्स वाचवायचा, एवढंच त्याचं काम.

आता हिसका कुठून येत होता, हे नवलसिंगला पक्कं ठाऊक होतं. या घरात कुठल्याही अवजाराची रोजची सुरुवात शेठच्या हातून होई. बैल होते तेव्हा पहिली जोडी तेच जुंपत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, रिवाज तसाच राहिला. सकाळी शेठ यायचे, बॉनेटला उदबत्ती ओवाळायचे, टोपी काढून पुन्हा घालायचे, गादीवर चढायचे. मग हाताचा एक्सलेटर शेवटपर्यंत ओढून, इंजिन बोंबलायला लागलं की क्लच दाबून पीटीओ जोडणारा लिव्हर टाकायचे आणि क्लचवरचा पाय विंचू चावल्यासारखा उचलायचे. धाडकन आवाज व्हायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी उडायचा, स्लॅशर थरथरायचा आणि शेठ समाधानाने खाली उतरायचे. त्यांचा जुना ट्रॅक्टर दमेकरी होता, कमी रेसवर जोडलं की बंद पडायचा. तो विकून नऊ वर्षं झाली, पण पायाला ते कोणी कळवलं नव्हतं.

बोल्ट त्या धाडकन्‌ला लगेच तुटत नसे, हीच पंचाईत होती. तो नुसता अर्धा चिरायचा. मग तासा-दोन तासांनी, नवलसिंग शहाण्यासारखा ट्रॅक्टर चालवत असताना, एखादी जाड पऱ्हाटी आली की उरलेला अर्धा जायचा. तोवर शेठ घरी जाऊन जेवायला बसलेले असायचे.

शेठने आधी दोष मालाला दिला. खापर गावच्या बाजारातले बोल्ट आणले, ते तुटले. शहाद्याहून आणले, तेही तुटले. जगात लोखंड म्हणून काही उरलंच नाही, असं ते चार लोकांत बोलू लागले. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने तुटलेला बोल्ट बघितला आणि नवलसिंगला बाजूला घेऊन विचारलं, की हे फुल रेसवर कोण जोडतं? नवलसिंग बांधावरच्या निंबाकडे बघत राहिला. मिस्त्रीही संसारी माणूस होता. त्याला सगळं समजलं, आणि त्याने शेठना जाऊन सांगितलं की ड्रायव्हर क्लच झटक्याने सोडतो.

त्या दिवशी शेठ रागावले नाहीत, आणि त्याचाच नवलसिंगला जास्त धसका बसला. आणखी एक बोल्ट गेला तर दुसरा माणूस बघावा लागेल, एवढं ते शांतपणे म्हणाले. नवलसिंग तोरणमाळच्या पायथ्याकडचा. अकरा वर्षं तो बायको रूपलीबाई आणि दोन मुलींसह याच शेतातल्या खोलीत राहत होता. मोठी मुलगी दहावीला, परीक्षा महिन्यावर आलेली. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की मुलीची शाळा गेली. त्याला फार राग आला आणि तो त्याने जेवणाबरोबर गिळला. रूपलीबाई म्हणाली, सांगून टाका. तो म्हणाला, शेठना सांगायचं म्हणजे काय हे तुला कळत नाही. तिला कळत होतं.

तीन दिवसांनी आठवा बोल्ट तुटला.

शेठ स्वतः शेतात आले. बरोबर मीनाबाई, त्यांच्या पत्नी, चहाची किटली घेऊन. नवा बोल्ट बसवून झाल्यावर शेठने हुकूम केला, आता माझ्यासमोर जोडून दाखव. आणि ते बांधावर जाऊन उभे राहिले.

नवलसिंग गादीवर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण दोन्ही बाजूंनी मेलो. हळुवार जोडलं, तर शेठ म्हणणार, बघतोय म्हणून नीट करतोस. झटका दिला, तर विषयच संपला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, जायचंच आहे तर खरं करून जाऊ.

त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. एक्सलेटर शेवटपर्यंत ओढला. इंजिन बोंबलायला लागलं तेव्हा क्लच दाबून लिव्हर टाकला आणि गिळलेला सगळा राग पायात आणून, शेठपेक्षाही झटक्याने, क्लचवरून पाय उचलला. धाडकन आवाज झाला, ट्रॅक्टर उडाला आणि नवा कोरा बोल्ट जागेवर दोन तुकडे झाला. नवलसिंगने इंजिन बंद केलं.

शेठ बांधावरून तरातरा आले. संतापाने त्यांची मान लाल झाली होती.

"असं क्लच सोडाले तुले कोनी शिकाडं?"

"तुम्हीन, शेठ," नवलसिंग म्हणाला. "अकरा वरीसपासून रोज सकाये देखी ऱ्हायनू."

शेठने मदतीसाठी मीनाबाईंकडे बघितलं. मीनाबाई चहा ओतत होत्या. कपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, की रोज सकाळी मांडणीवरची भांडी हलतात, त्यावरूनच तर तुम्ही शेतात पोचल्याचं मला कळतं. दुपारी नवलसिंग पुन्हा जोडतो तेव्हा एक वाटीसुद्धा हलत नाही.

मग शेठने खिशातून आणखी एक बोल्ट काढला आणि तुझ्या पद्धतीने कर म्हणून सांगितलं. नवलसिंगने बोल्ट बसवला, रेस अगदी खाली आणली, लिव्हर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. मग एक्सलेटर सावकाश वाढवला. शेठ कान देऊन धाडकन आवाजाची वाट बघत होते. त्याच्याशिवाय सुरू झालेलं अवजार त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

"चालू व्हयनं का?" त्यांनी विचारलं.

पाती केव्हाच फिरू लागली होती. ट्रॅक्टर पुढे निघाला आणि पऱ्हाट्यांचा भुगा होत गेला. शेठ चहा न घेताच घरी गेले. नवलसिंगने संध्याकाळपर्यंत काम केलं आणि खोलीवर येऊन रूपलीबाईला सामान बांधायला घे म्हणाला.

सकाळी शेठ नेहमीच्या वेळी आले. उदबत्ती ओवाळली, टोपी काढून घातली. मग गादीवर न चढता त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला.

"मन्हा गुडघा दुखस," ते म्हणाले. "आजपासून मुहूर्त नवलसिंग करी."

शेठचे गुडघे साऱ्या गावात ठणठणीत म्हणून प्रसिद्ध होते. पण शब्द तोंडातून गेला होता, तो निभावणं आलं. त्या दिवसापासून शेठ लंगडू लागले. सुरुवातीला कधी उजव्या पायाने, कधी डाव्या पायाने, मग उजवा कायम झाला. मीनाबाई धडधाकट गुडघ्याला रोज तेल चोळत आणि तोंडातून अवाक्षर काढत नसत. बोल्ट तुटला नाही. परीक्षेच्या दिवशी मुलीला केंद्रावर शेठच्याच गाडीतून नेलं.

एका सकाळी पाण्याची चारी ओलांडताना नवलसिंगने हात पुढे केला. शेठना हाताची गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. शेठने तो धरला आणि चारीच्या मधोमध थांबले.

"तुनी मले पहिलेच का बरं नही सांगं?"

"नोकरी करनी व्हती, शेठ."

शेठने मान हलवली आणि चारी ओलांडली. नवलसिंग ट्रॅक्टरकडे वळला. बांधावर आता बघायला कोणीच नव्हतं, तरी शेठ घरापर्यंत लंगडत गेले.