बायकोचा पगार

फ्रेमच्या दुकानाचा मालक स्वतःला फार हुशार समजायचा. ही समजूत त्यानं कधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतली नव्हती, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली.

त्याच्या हुशारीचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे बायकोचा पगार. चार वर्षांपूर्वी आयकराचे कागद भरताना त्याला शोध लागला, की नफ्यातून कामगाराचा पगार वजा दाखवला तर तेवढ्यावर कर लागत नाही. पण कामगार ठेवला की मेल्याला खरंच पैसे द्यावे लागतात! मग त्यानं बायकोलाच कामगार दाखवलं. महिना पंधरा हजार, रोख. एवढ्याशा उत्पन्नावर तिलाही कर नाही. सापही मेला आणि काठीही शाबूत. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गळ्याशी पांढरं कापड बांधून घेऊन त्यानं ही युक्ती अर्ध्या गल्लीला ऐकवली होती. न्हावी बिचारा काय करणार, गिऱ्हाईक म्हटल्यावर मान डोलवायचीच.

आता यातली खरी गंमत ऐका. बायको दुकानात खरोखरच काम करत होती. आज नाही, बावीस वर्षं. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलापाशी उभी राहून ती काच कापायची, लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवायची, आणि चित्राभोवती जी जाड पुठ्ठ्याची चौकट असते, जिला माउंट म्हणतात, ती कापायची. माउंटचं काम नाजूक. पातं तिरकं धरून एका दमात ओढावं लागतं. हात मध्येच थांबला की पुठ्ठा वाया. मालक पुढे खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्याकडे माउंट बघा, रेषेत फरक नाही." गिऱ्हाईक वाहवा करायचं आणि हा ती खिशात घालायचा.

पण त्याच्या लेखी ते काम नव्हतंच. "घरात बसून कंटाळते, म्हणून येते जरा हातभार लावायला," असं तो सांगायचा. सकाळी दहा ते रात्री आठपर्यंतचा हातभार! म्हणजे बघा, त्या अख्ख्या रिटर्नमध्ये खरी गोष्ट एकच होती, बायको दुकानात राबते ही, आणि नेमकी तीच याला थाप वाटत होती. असल्या माणसाच्या अकलेचे काय दिवे लावायचे!

अर्थात पंधरा हजारांतला एक पैसाही तिनं कधी पाहिला नव्हता. वर्ष संपत आलं की मालक बाराच्या बारा पावत्या एकदम लिहायचा आणि तिच्यापुढे सरकवायचा. "कर सह्या." शिवाय प्रत्येक पावतीला वेगळं पेन. निळं, काळं, जाड, बारीक. वर्षभर दर महिन्याला दिलेत असं वाटलं पाहिजे ना. ती सह्या करायची आणि भाजी निवडायला जायची.

सह्या करताना गेली दोन वर्षं तिची बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायची. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. रात्री हात झटकत उठून बसावं लागायचं. डॉक्टरनं सांगितलं, मनगटात नस दाबली जातेय, छोटं ऑपरेशन आहे, पुढे सहा आठवडे हाताला विश्रांती. आणखी उशीर केला तर बोटांतली पकड जाईल ती परत येणार नाही. मालकाला तिनं तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "तेल लाव." दुसऱ्यांदा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." तिसऱ्यांदा त्यानं गल्ल्याचा खण उघडून दाखवला. "बघ. आहे का काही?" गल्ला तो दुपारीच रिकामा करतो हे तिला ठाऊक होतं. परवाच तिच्या हातून पातं सुटलं आणि मोठा पुठ्ठा फुकट गेला. त्यावर मालक अर्धा तास पुठ्ठ्याच्या भावाबद्दल बोलला. हाताबद्दल एक अक्षर नाही.

आणि मग आयकर कार्यालयाचं पत्र आलं. पत्नीस दिलेल्या पगाराची चौकशी करायची आहे, चार वर्षांच्या पावत्या घेऊन पती-पत्नी दोघांनी यावं.

मालकाची पाचावर धारण बसली. धावत गेला तो त्याचे कागद भरणाऱ्या सल्लागाराकडे. सल्लागारानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "पगार खोटा ठरला तर चार वर्षांचा कर, वर व्याज, वर दंड. मी आपलं तुम्ही सांगितलं ते लिहिलं." झालं! फी घेताना 'आपण', निस्तरताना 'तुम्ही'. ही जात सगळीकडे एकच.

त्या संध्याकाळी मालक स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून त्यानं बायकोची शिकवणी सुरू केली.

"हे बघ, साहेब विचारतील, तुम्ही दुकानात काय करता? तू सांगायचं, माउंट कापते. काय?"

"माउंट कापते," ती म्हणाली.

"माउंट म्हणजे काय, असं विचारलं तर? माउंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये जो पुठ्ठा..."

ती कांदा चिरायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस गंमत करतोय का? नाही हो. चेहरा गंभीर. बावीस वर्षं ज्या बाईनं त्याच्या पोटापाण्यासाठी माउंट कापले, तिला तो माउंट म्हणजे काय ते शिकवत होता, आणि तेही खोटं बोलायला शिकवतोय अशा थाटात.

"पाठ कर नीट," तो पुढे म्हणाला. "किती तास? आठ तास. घाबरायचं नाही. खोटं बोलताना सरळ डोळ्यांत बघायचं. तुला जमेल ना गं? नाहीतर घालशील सगळं पाण्यात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत तिला त्याचा कंटाळा आला होता, कीव आली होती, पण असा राग कधी आला नव्हता. तिनं कांद्याकडे बघत फक्त एवढंच विचारलं, "आणि पैसे मिळाले का विचारलं तर?"

"मिळाले म्हणायचं! सह्या आहेत की तुझ्या."

"बरं," ती म्हणाली.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. बाकड्यांवर माणसं मांडीवर फायली घेऊन बसली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव, मी नाही हो त्यातला. मालकानं ठेवणीतला शर्ट घातला होता. घामानं त्याची कॉलर भिजली होती.

साहेब वयस्कर होते. त्यांना या जोडप्याचं काही पडलेलं नव्हतं. आल्या दिवसाला दहा हुशार त्यांच्यासमोर येऊन बसत असणार. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा उघडला आणि दोन-चार पानं चाळली.

"पेनं बरीच आहेत तुमच्याकडे," ते म्हणाले.

मालक खुशीत हसला.

"पण पावतीपुस्तक एकच. पहिल्या महिन्याची पावती एकशे एक नंबर, दुसऱ्याची एकशे दोन, तिसऱ्याची एकशे तीन. वर्षभरात दुसऱ्या कुणाची एकही पावती फाडली नाही? एकदम बसून लिहिलेल्या दिसतात. दर वर्षी हेच केलंत. एवढी पेनं बदललीत, नंबर नाही वाचलात?"

मालकाचं हसू तिथंच वाळलं. पेनांवर चार वर्षं डोकं चालवलं, आणि नंबर काय, ते छापलेलेच होते! तो म्हणाला, "साहेब, ते... ती काम करते साहेब, विचारा तिला."

"आधी तुम्हाला विचारतो. ती तिथली फ्रेम बघा." साहेबांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. कार्यालयातल्या मंडळींचा एक जुना फोटो होता. कडा पिवळ्या पडलेल्या, मधे डाग. "काय झालंय तिला?"

मालकानं मान तिरकी करून बघितलं. "भिंतीला ओल असेल साहेब."

"भिंत कोरडी आहे. बाई, तुम्ही सांगा."

ती उठली, जवळ गेली, खालून बघितलं, बाजूनं बघितलं. "माउंटच लावलेला नाही," ती म्हणाली. "काच थेट फोटोला टेकलीय, म्हणून हे डाग. तिथे फोटो काचेला चिकटलाय. मागे हलक्या प्रतीचा पुठ्ठा घातलाय, त्यानं कडा पिवळ्या पडल्या. कुणाला साफ करायला देऊ नका साहेब, ओढून काढतील आणि या दोघांचे चेहरे जातील. ज्यानं केलंय त्यानं पैसे वाचवलेत."

साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग मालकाकडे. "काम या करतात हे पटलं मला. तुम्ही काय करता?"

"मी... मी एकूण बघतो," मालक म्हणाला. शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकला.

"ठीक. काम खरं आहे. आता पैसे." साहेबांनी पेन उचललं. "बाई, महिना पंधरा हजार, चार वर्षं. म्हणजे सात लाख वीस हजार. तुमच्या हातात आले का? नीट सांगा. मी लिहून घेणार आहे."

मालक तिच्याकडे सरळ डोळ्यांत बघत होता. तिला शिकवलं होतं तसं. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटांत मुंग्या चालत होत्या. 'मिळाले' म्हटलं तर प्रकरण मिटत होतं, आणि हात मात्र पुढच्या वर्षावर जात होता. 'नाही' म्हटलं तर पावत्या खोट्या, दंड, आणि दुकानाचं दिवाळं. दुकान काही त्याचं एकट्याचं नव्हतं. ते तिनं उभं केलं होतं.

"पैसे दुकानातून बाहेर आलेच नाहीत," ती म्हणाली.

मालकानं घाईघाईनं पावत्यांवरच्या सह्यांकडे बोट केलं.

"सह्या केल्या आणि दुकानातच राहू दिले," ती पुढे म्हणाली. "अडीनडीला लागतात म्हणून. यांच्यावर विश्वास आहे. अजून मागितले नव्हते, एवढंच. आता मागायचे आहेत."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. "म्हणजे दुकान तुमचं देणं लागतं. मग तसं वह्यांमध्ये दिसायला हवं होतं. मालक, तुम्हाला हे कबूल आहे? कबूल असेल तर पगार खरा धरतो. पत्नीचे सात लाख वीस हजार देणं आहे असं लेखी द्या, आणि तीस दिवसांच्या आत पहिले एक लाख तिच्या बँक खात्यात भरल्याचा पुरावा आणा. पुढचेही बँकेतूनच. कबूल नसेल तर पगार खोटा. मग कर, व्याज, दंड. सांगा लवकर, बाहेर माणसं थांबलीत."

मालकानं आधी साहेबांकडे बघितलं, मग बायकोकडे. सरकारला द्यायचे की बायकोला? असला पेच त्याच्या आयुष्यात कधी आला नव्हता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ती ओळखीची तकाकी परत आली. बायकोचं म्हणजे घरातलंच की! या खिशातलं त्या खिशात. त्यानं कागद ओढला आणि झोकात सही ठोकली. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि एक प्रत तिच्या हातात दिली.

जिन्यात येईपर्यंत त्याची छाती दोन इंच फुगली होती.

"वा! मानलं तुला," तो म्हणाला. "मी शिकवलं त्याच्या वर गेलीस. कसा उल्लू बनवला साहेबाला! आता असं करू, लाखभर टाकतो तुझ्या खात्यात, त्याला कागद दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी तू मला काढून दे. आण तो कागद इकडे."

तिनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन उजव्या हातानं लागेना, म्हणून डाव्यानं लावली.

"काढून देणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन करणार आहे. पैसे आले की ऑपरेशन करून घेते."

"अगं पण..." तो दोन पायऱ्या खाली उतरून तिच्यासमोर आडवा उभा राहिला. "सहा आठवडे हात बांधून बसणार तू? ऑर्डरी अडकल्यात त्या? शाळेच्या चाळीस फ्रेमा? माउंट कोण कापणार?"

"तुम्ही एकूण बघा की."

"चेष्टा नको! मला कुठं येतं ते?"

बावीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. जिन्यातून फाईलवाली माणसं वर-खाली करत होती आणि हा कठडा धरून, घामानं निथळत तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं होतं, असं काही घडलं तर आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. तिला फक्त भूक लागली होती.

"अगं सहा आठवडे दुकान बंद ठेवायचं, आणि वर तुला लाख रुपये द्यायचे?"

"नाही. लाख रुपये मागच्या पगारातले," ती त्याला वळसा घालून खाली उतरत म्हणाली. "या सहा आठवड्यांचे वेगळे. रजा भरपगारी आहे."