नऊ नंबरच्या खुंटीवरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आकाराने बिस्किटाएवढा, डोक्यावर एक भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, ४१७. मित्रांनो, पितळ म्हटले की तुम्हाला चकाकी आठवेल. ती माझ्यात शोधू नका, आणि मला घासायलाही जाऊ नका. मी जे सांगणार आहे ते चकचकीत तोंडाने सांगण्यासारखे नाही.

माझ्याबरोबर पाचशे भावंडे एकाच पत्र्यातून कापली गेली. एका म्हाताऱ्या कारागिराने आमच्या पोटावर एकेक आकडा ठोकला. माझा सात ठोकताना त्याला नेमकी शिंक आली, त्यामुळे तो जरा वाकडा बसला. ढिगातूनही मी चटकन ओळखू येतो. या गोष्टीचा मला एके काळी फार तोरा होता.

आम्ही पोलिसांच्या शस्त्रागारात दाखल झालो. तिथल्या भिंतीवर साठ खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली एक बंदूक उभी असे. प्रत्येक शिपायाला एक बिल्ला मिळे. बंदूक न्यायची तर तिच्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा, बंदूक परत ठेवली की काढून घ्यायचा. त्यामुळे भिंतीकडे नुसती नजर टाकली तरी कोणती बंदूक कोणाच्या हातात आहे ते कळे. वहीतली नोंदसुद्धा या भिंतीवर पाहूनच होई. माझे आयुष्यभराचे काम एवढेच होते, की नेली कोणी ते सांगायचे.

शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदारांना सगळे चष्मेवाले म्हणत. त्यांचे दोन चष्मे होते, एक लांबचा आणि एक वाचायचा. एक नाकावर असला की दुसरा कपाळावर चढलेला असे, आणि कपाळावरचा शोधण्यात त्यांचा निम्मा दिवस जाई. पण कामात ते इतके काटेकोर होते, की एखादा बिल्ला उलटा लटकला तरी उठून सरळ करत.

माझा शिपाई अबोल होता. खिशात हात घालून तो माझ्या वाकड्या सातवर अंगठा फिरवत राही. मुलीची शाळेची परीक्षा असली की अंगठा जास्त जोरात फिरे. एकोणीस वर्षे मी त्याच्या खिशात राहिलो. मित्रांनो, माझा त्याच्यावर जीव होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सांगताना मी कुठे अडखळलो तर तुम्हाला कारण ठाऊक असेल.

एके दिवशी सकाळी मोठे साहेब घाईघाईने शस्त्रागारात आले. गिरणीच्या फाटकावर कामगारांची गर्दी जमली होती आणि बारा शिपायांना तिथे पाठवायचे होते.

"नावाच्या पट्ट्या काढा, तोंडाला फडकी बांधा," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी छातीवरचं नाव वाचून एकाच्या घरावर दगड पडले. आणि आज बिल्ले भिंतीवर नकोत. या बादलीत टाका."

"मग वहीत काय लिहू, साहेब?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"पथक लिहा. बारा माणसं, बारा बंदुका."

दगडांची भीती खोटी नव्हती. पण रस्त्यावर तोंड झाकणे वेगळे आणि स्वतःच्या वहीपासून तोंड लपवणे वेगळे, हे त्या खोलीत कोणाच्याच तोंडून निघाले नाही.

अकरा बिल्ले खणखण करत बादलीत पडले. माझ्या शिपायाने नऊ नंबरची बंदूक उचलली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने हात वर नेऊन मला खुंटीवर अडकवले. आपण काय केले हे त्याच्या लक्षातही आले नाही. गाडी सुटली. उघड्या भिंतीवर मी एकटाच लोंबकळत राहिलो.

दुपारी टेलिफोन वाजला. चष्मेवाले नुसते "हो, हो" म्हणत होते. गोळीबार झाला होता आणि एक तरुण गेला होता. तो किल्ल्या बनवून देणारा होता. गिरणीतल्या कारकुनाच्या कपाटाची किल्ली द्यायला तो फाटकापाशी गेला होता.

टेलिफोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. ते जवळ आले. आधी लांबच्या चष्म्याने पाहिले, मग वाचायच्या. मग त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि बादलीत टाकले.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? बादलीत पडल्यावर मला हायसे वाटले. आपला माणूस वाचला, असेच मी म्हटले. ज्या कामासाठी मी जन्मलो ते काम बुडाले आणि मी खूश झालो. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी शिपाई परतले. माझ्या शिपायाने बंदूक ठेवली आणि हात आधी नवव्या खुंटीकडे नेला. खुंटी रिकामी होती. त्याने बादलीकडे पाहिले, मग चष्मेवाल्यांकडे. ते मान खाली घालून चष्मा पुसत होते. मला उचलून त्याने मागच्या खिशात टाकले. त्यानंतर माझ्या सातवर अंगठा कधी फिरला नाही.

फाटकावर नेमके काय झाले ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो. तो घाबरला असेल, ढकलाढकलीत चाप ओढला गेला असेल, किंवा नेम धरूनही मारली असेल. ते त्याने सांगायचे होते. पण त्याला कोणी विचारलेच नाही, कारण कोणाला विचारायचे हेच कोणाला माहीत नव्हते.

त्या तरुणाची थोरली बहीण दर मंगळवारी येऊ लागली. शस्त्रागाराच्या खिडकीला लागूनच व्हरांड्यातले बाक होते. मी खुंटीवर असलो की तिचे सगळे बोलणे कानावर येई. साहेब दर वेळी सांगत, "गोळीबार पथकानं केला, ताई."

"पथकाला बोट असतं का, साहेब?" ती एकदा म्हणाली. "चाप एकाच बोटानं ओढला असेल ना? मला त्या एका माणसाचं नाव हवंय. माझा भाऊ समोर काय करत होता, एवढंच त्याला विचारायचंय."

तिच्या आणि माझ्यामध्ये वीतभर भिंत होती.

पुढे चौकशी बसली. गोळी नऊ नंबरच्या बंदुकीची निघाली. ती कोणाकडे होती, असे विचारल्यावर चष्मेवाले म्हणाले, "सगळे बिल्ले बादलीत होते." उलटा बिल्ला सरळ करणारा तो माणूस हे बोलला, आणि त्याच्या जबाबाच्या कागदावर शिक्का बसला. चौकशी तिथेच थांबली.

काही वर्षांनी आमच्या जागी कार्डे आली. आम्हा सगळ्यांना एका पोत्यात भरले. निवृत्तीच्या आदल्या दिवशी चष्मेवाले पोत्यापाशी बसले आणि तासभर हात घालून चाचपत राहिले. वाकडा सात बोटाला लागताच त्यांनी मला खिशात टाकले.

ते मला थेट बहिणीच्या टपरीवर घेऊन गेले. भावाची टपरी आता ती चालवत होती. मागच्या फळीवर शेकडो किल्ल्या आपापल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. चष्मेवाल्यांनी मला तिच्यापुढे ठेवले.

"ताई, हा त्या दिवशी नऊच्या खुंटीवर होता. मी काढला. हा कोणाचा, ते बिल्ले वाटल्याच्या जुन्या वहीत सापडेल."

तिने मला उचलून आकडा वाचला. मग टपरीच्या हिशेबाच्या वहीतला एक कागद फाडला.

"काका, एवढंच लिहून द्या. खाली तुमचं नाव आणि सही."

त्यांनी स्वच्छ अक्षरात सगळे लिहिले. सहीपाशी मात्र पेन थांबले. "घरी विचारून येतो," असे म्हणून ते गेले.

"काका," ती मागून म्हणाली, "तुम्हीही बादलीतच आहात की."

तेव्हापासून मी तिच्या फळीवर लटकतो आहे. माझ्याखाली तो कागद टाचलेला आहे. चष्मेवाले रोज समोरच्या बाजूने जातात आणि इकडे बघत नाहीत.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. उद्या तुमच्यातलेच कोणी शिपाई होतील, कोणी साहेब, कोणी चष्मेवाले. ज्याच्या हातात बंदूक द्याल, त्याचे नाव कुठेतरी लिहून ठेवा. आणि ते नाव तुमच्या जिवाभावाच्या माणसाचे निघाले, तरी ते खुंटीवरून काढू नका.

आज मंगळवार आहे. चष्मेवाले रस्ता ओलांडून टपरीसमोर येऊन उभे राहिले आहेत. ताईने फळीवरचा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"वाचायचा चष्मा घरीच राहिला," ते म्हणाले.

ताईने हात पुढे करून त्यांच्या कपाळावरचा चष्मा उतरवला, पदराने पुसून त्यांच्या हातात दिला आणि पेनाचे टोपण काढले.