बाबुल्याचा व्हाळ, रेड्याचा व्हाळ

भांडायला काय लागतं? एक तोंड आणि एक शेजारी. कोरगावच्या यशवंताकडे दोन्ही होती. व्हाळ एकच, डोंगरावरून उतरून त्याच्या शेतात यायचा. त्याच पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, उभं राहायचं. पण नावं तीन. वर सरस्वतीकाकूच्या काजूच्या बागेत ती देवीची न्हाणी. मधे शेजारच्या कृष्णनाथाच्या दारात रेडा बुडाला, म्हणून रेड्याचा व्हाळ. खाली यशवंताच्या पणज्यानं, बाबुल्यानं, पहिला बांध घातला, म्हणून बाबुल्याचा. दरवर्षी कार्तिकात बांध घालताना पहिला चिखल टाकणाऱ्यानं व्हाळाचं नाव घ्यायचं, अशी रीत. तिथंच यशवंताची नि कृष्णनाथाची जुंपायची.

यंदा वरच्या भाटात, म्हणजे बागायतीत, बंगले बांधणाऱ्यांनी पात्रात माती लोटली. तक्रार गेली, सुनावणी लागली. साहेबांनी तिघांना एकच विचारलं, कुठला व्हाळ बुजवला? काकू म्हणाली, देवीची न्हाणी. कृष्णनाथ म्हणाला, रेड्याचा व्हाळ. तिघांनी एकच नाव सांगायला हवं, हे यशवंताला कळत होतं हो, पण किस्नासमोर रेड्याचं नाव घ्यायचं? मेला तरी नाही.

"बाबुल्याचो व्हाळ, सायबानू. माज्या पणज्याचो."

आदेश आला. तीन नावांची तीन बारकी गटारं, नकाशात एकही नाही, सलग वाहणारा व्हाळ सिद्ध होत नाही, सबब तक्रार फेटाळली. माती तशीच राहिली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ते काय उगाच म्हणतात?

कागद घेऊन यशवंत कृष्णनाथाच्या पायरीवर जाऊन बसला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"किस्ना, माजी जीभ झडाक व्हयी होती."

"माजी तरी खंय आवरली?" कृष्णनाथ म्हणाला आणि त्यानं चहा सांगितला.

कार्तिकात दोघं खोरी घेऊन गेले. न जाऊन काय करणार, हातांना सवय. पात्रात नुसता धुरळा. चिखल मळायला कृष्णनाथानं घरच्या नळाची कळशी आणली होती. यशवंतानं पहिला गोळा उचलला.

"रेड्याच्या व्हाळाक," तो म्हणाला.

"बाबुल्याच्या म्हण रे," कृष्णनाथ खाली बघत म्हणाला.

यंदा कुणीच भांडलं नाही. दुपारपर्यंत बांध पुरा झाला, चांगला सरळसोट. मग दोघं त्याच्यावर शेजारी शेजारी बसले आणि वरच्या अंगाला बघत राहिले. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही.