बेटावरचं उलटं केंद्र

राघोत्तम सरांनी सांगितलं होतं, "भव्या, बेटावरच्या केंद्राचं भूकंपमापक यंत्र दुरुस्त होऊन आलंय. तारा उलट जोडल्या असतील. रेघ वर दिसली तरी आधी तपासून घे." मी हो म्हटलं आणि सोडून दिलं. माझ्या लेकीला, नित्याला दात येत होते, जागरणाने माझे डोळे मिटत होते; तारांचं कुठे घेऊन बसायचं?

मंगळवारी दुपारी अंदमानच्या समुद्रात मोठा भूकंप झाला. अण्णा नगरच्या घरी, तापाने फणफणलेली नित्या मांडीवर घेऊन मी लॅपटॉपवर भूकंपलहरी बघत होते. प्रत्येक केंद्रावर लहरीची रेघ पहिल्यांदा वर उसळली की खाली गेली, ते बघायचं. कुठे वर, कुठे खाली, तर जमीन आडवी सरकलेली. त्याने सहसा मोठी लाट येत नाही. सगळीकडे वर, तर समुद्राचा तळच उचललेला, म्हणजे मोठ्या लाटेची भीती.

सगळीकडे वर होती.

त्रिपुरसुंदरी आत्या नागपट्टिणमला अगदी समुद्राजवळ एकटी राहते. ऑफिसच्याही आधी मी तिला फोन लावला.

"आत्या, आहेस तशी नीघ. समुद्राकडे पाठ करून चालत राहा."

"अय्यो! आत्ताच शुगरची गोळी घेतली गं. पान वाढलंय. चार घास खाऊन जाते."

"राहू दे ते पान!" मी ओरडले. नित्या दचकून रडायला लागली.

"सरी, सरी, निघते. बापासारखीच ओरडतेस." तिने फोन ठेवला.

मग सरांचं बोलणं आठवलं. गेल्या महिन्यातला एक फार लांबचा भूकंप काढून बघितला. इतक्या दुरून आलेली लहर आमच्या सगळ्या केंद्रांना एकाच दिशेने हलवते. बेटावरचं तेवढं उलटं होतं. म्हणजे आजचं त्याचं 'वर' हे 'खाली'. जमीन आडवीच सरकली होती. थोड्या वेळाने सरकारी निरोपही आला, लाटेचा धोका नाही.

तेव्हापासून आत्याला फोन लावतेय. नुसता वाजतो. तिच्या शेजारच्या विद्यालक्ष्मीने खिडकीतून पाहिलं: फोन चार्जरला, पान तसंच, आत्या नाही. माझा नवरा श्रीवत्स श्रीपेरुंबुदूरहून कामावरूनच तिकडे निघालाय, पण तो पोचेपर्यंत रात्र होईल.

तुम्ही नागपट्टिणमला असाल, तर समुद्रापासून लांब, बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर जरा बघाल का? ठेंगणी आहे, हिरवी सुती साडी, डाव्या पायाने लंगडते. विचारलंत तर जेवले म्हणेल. ऐकू नका तिचं; गोळी घेऊन उपाशीच निघालीय, साखर उतरली असेल, आधी काहीतरी गोड खायला घाला.